नटांना आपल्याच जुन्या भूमिका परत बघवतात का?

पेठेतली पोर
मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमची मोठी आत्या सोळा-सतरा वर्षांची असताना एका मराठी चित्रपटात होती. आजोबा कोल्हापुरात स्टुडिओत सेटवर सुतारकाम करायचे. एके दिवशी आत्या त्यांचा डबा घेऊन गेली, सरदाराच्या लेकीच्या सख्यांमधली एक पोरगी आयत्या वेळी आली नव्हती, आणि कुणीतरी आत्याला नेसवून सवरून उभं केलं. बागेतलं एक गाणं आणि एक वाक्य. चित्रपट फारसा चालला नाही. नाव मुद्दाम देत नाही, तिला ते आवडणार नाही. पण आमच्या घरात 'आत्याचा पिच्चर' ही दंतकथाच. कुणीच बघितलेला नाही, सगळ्यांना माहीत.

गेल्या महिन्यात चुलतभावाला तो यूट्यूबवर सापडला. रविवारी तिच्याकडे सगळे जमलो, मोबाईल टीव्हीला जोडला. आम्हाला वाटलं, आत्या रडेल तरी नाहीतर लाजेल तरी. तर ती स्वतःकडे बघेचना. "त्यो झोपाळा बघ, अण्णांनी केल्ता. सागवान न्हाई, साधं लाकूड, वरनं रंग." मग, "ती डाव्या बाजूची चाफ्याची फुलं कागदाची हायती." मग, "ही बांगडी माजी न्हवं. शूटिंग झाल्यावर काढून घेतली." आणि तिचं ते सुप्रसिद्ध एक वाक्य आलं तेव्हा बाई दूध उतू जाईल म्हणून आत गेली! गॅस बंद होता, मी बघून आले.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. खऱ्या, नावाजलेल्या नटांना आपली पहिली कामं परत बघताना काय वाटत असेल? आणि तीच भूमिका वीस-तीस वर्षांनी परत करायची वेळ आली तर?

उगाच एक
पहिला नंबर! आता सावकाश वाचतो.

फिल्लमबाज
झकास विषय. तिकडे हॉलिवुडात तर नटांची आपल्या गाजलेल्या भूमिकांशी भांडणंच असतात. ख्रिस्तोफर प्लमर 'साउंड ऑफ म्युझिक'ला (१९६५) कितीतरी वर्षं नाक मुरडत राहिला. नावातल्या 'म्युझिक'चं त्याने 'म्युकस' करून टाकलं होतं, म्हणजे शेंबूड. म्हातारपणी जरा निवळला. हॅरिसन फोर्डचं म्हणणं, 'स्टार वॉर्स'मधल्या आपल्या हान सोलोला १९८३ च्या भागातच मारून टाका. ऐकलं नाही कुणी. शेवटी २०१५ मध्ये परत बोलावलं आणि त्या भागात पात्र मेलं. बत्तीस वर्षं थांबून मरण मिळालं माणसाला.

आणि 'स्टार वॉर्स'चे अॅलेक गिनेस! शंभराहून जास्त वेळा सिनेमा बघितलेला एक पोरगा सही मागायला आला, तर हे म्हणाले, परत कधीच बघणार नाही असं कबूल कर. पोरगं रडायला लागलं. त्यांनीच आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

जुनी पानं
फिल्लमबाज, गिनेस यांनी ती भूमिका केली तेव्हा साठी ओलांडली होती त्यांनी. ती 'सुरुवातीची भूमिका' कशी? मोठ्या नटाला उतारवयात एका झग्यावरून ओळखलं जातं, हे दुखणं वेगळं.

फिल्लमबाज
काका, मान्य. चुकलं. पण किस्सा भारी आहे की नाही?

जुनी पानं
किस्सा भारी आहेच. आता आपल्याकडचा सांगतो.

दुर्गाबाई खोटे. आपण त्यांना 'अयोध्येचा राजा'मधली (१९३२) तारामती म्हणून ओळखतो, नाहीतर 'मुघल-ए-आझम'मधली (१९६०) जोधाबाई. पण त्यांचा पहिला चित्रपट हा नव्हे. पहिला 'फरेबी जाल', १९३१. भूमिका अगदी छोटी. बाकीच्या चित्रपटात काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. निर्मात्याने मात्र जाहिरात केली ती घराण्याच्या नावावर: लाडांची लेक, खोट्यांची सून पडद्यावर. चित्रपट निघाला टुकार. त्या काळात कुलीन घरातली बाई सिनेमात गेली हाच गहजब, त्यात हे. माहेर-सासर दोन्हीकडे तोंड दाखवायची चोरी. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहिलंय. आणि गंमत अशी की, 'प्रभात'च्या शांतारामबापूंना त्याच फसलेल्या कामातून त्या दिसल्या.

आता बघा, दुर्गाबाईंना 'फरेबी जाल' आवडायचं काही कारण नव्हतं. तरी त्या टाळून पुढे गेल्या नाहीत. नट आपल्या पहिल्या कामाकडे प्रेमाने बघतो की रागाने, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो तिथे थांबतो की पुढे जातो, हे बघावं.

अनुस्वार
दंडवत घ्या, काका.

सॅन होजेची सुगरण
माझे दोन पैसे. इकडे अमेरिकेत मॉली रिंगवाल्ड म्हणून नटी आहे. ऐंशीच्या दशकात शाळकरी मुलांच्या सिनेमांची राणी. तिने २०१८ मध्ये एक लांबलचक लेख लिहिला होता. आपल्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) परत बघितला आणि काय काय खटकलं, ते. मुलं तिच्या पात्राशी ज्या तऱ्हेने वागतात ते तेव्हा विनोद म्हणून खपलं, आई म्हणून शेजारी बसल्यावर खपेना. तरी तिने सिनेमा उचलून फेकला नाही. ज्या दिग्दर्शकाने आपल्याला घडवलं त्याच्याबद्दलची माया आणि त्याच्याच कामाबद्दलची चीड, दोन्ही एकाच लेखात. मला ते फार प्रामाणिक वाटलं.

आपल्या १९८५ ते ९५ च्या विनोदी सिनेमांतल्या नटनट्यांनी असं कधी लिहिलंय का? मी लेकीला दाखवायला बसते ते मोठ्या हौसेने. पंधरा मिनिटं खदाखदा हसते. मग नायक नायिकेचा रस्ता अडवतो, ती नको म्हणते, तो गाणं म्हणतो. पोरगी माझ्याकडे बघते, मी पॉपकॉर्नकडे.

उगाच एक
'बनवाबनवी'ला काही बोलायचं नाही हां, सुगरणताई! धाग्याचं रणांगण होईल.

सॅन होजेची सुगरण
नाही बोलत रे बाबा. मी स्वतः अजून 'लिंबू कलरची साडी' म्हणते. अश्विनी भावे आमच्याच बे एरियात राहतात. मराठी माणसाला त्यांचं नाव घेतल्यावर पहिल्यांदा ती साडीच आठवते. १९८८ पासून इतकी कामं केली बाईंनी, आमच्या डोळ्यांपुढे आपली लिंबू कलरचीच घडी. मला कधीकधी वाटतं, माझ्या कॉलेजातल्या एका गॅदरिंगवरून कुणी आयुष्यभर हाक मारली असती तर?

स्पष्टबोल्या
मला या रडगाण्यात काही दम वाटत नाही. पैसे घेतले, नाव झालं, त्याच नावावर पुढची कामं मिळाली. आता 'प्रेक्षक मला त्याच भूमिकेत अडकवतात' म्हणून गळा काढायचा. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही, तुला तुझं पहिलं लूम परत बघून काय वाटतं.

पेठेतली पोर
स्पष्टबोल्या, आमच्या आजोबांना विचारायला हवं होतं खरं, तो झोपाळा बघून काय वाटतं. ते आता नाहीत. पण तुमचा मुद्दा कळला.

प्रा. खडू
स्पष्टबोल्या, मोठ्यांचं ठीक आहे. लहान मुलांचं काय? त्यांनी कुठे सही केलेली असते?

माधव वझे घ्या. 'श्यामची आई' १९५३ चा. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याच चित्रपटाला. तेव्हा वझे तेरा-चौदा वर्षांचे. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षा केली, नाटकं बसवली, लिहिलं, शिकवलं. आयुष्यभर डोक्याने काम केलेला माणूस. आणि २०२५ मध्ये ते गेले तेव्हा 'श्याम गेला' म्हणूनच महाराष्ट्र हळहळला. माझ्या आईने तर पेपर खाली ठेवून डोळे पुसले. तिच्या लेखी तो मुलगा पंच्याऐंशी वर्षांचा झालाच नव्हता.

पण त्यांनी कटकट केली नाही. त्या चित्रपटाच्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. शिक्षक असल्यामुळे असेल कदाचित. एकच धडा दरवर्षी नव्या वर्गाला नव्याने शिकवायची सवय असते आम्हाला.

दुसरं टोक म्हणजे 'सलाम बॉम्बे'मधला (१९८८) शफीक सय्यद. खरोखरच रस्त्यावरचा मुलगा, उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पुढे हा बंगळुरात रिक्षा चालवत होता. त्या पोराने आपला पहिला सिनेमा परत बघावा तो कुठल्या नजरेने?

स्पष्टबोल्या
हे मान्य. पोरांचं मी धरलंच नव्हतं.

फिल्लमबाज
बंगालीत त्याहून विलक्षण आहे. 'पथेर पांचाली'तला (१९५५) छोटा अपू म्हणजे सुबीर बॅनर्जी, त्याने नंतर कधीच सिनेमात काम केलं नाही. दुर्गा झालेल्या उमा दासगुप्ता शिक्षिका झाल्या, २०२४ मध्ये गेल्या. जगभरातल्या फिल्म स्कूलात त्या दोघांचं आगगाडी बघायला धावणं दाखवतात. ती दोघं मात्र आपापल्या नोकऱ्या करत होती.

अनुस्वार
आपल्याकडे मात्र १९६३ सालची दोन पोरं अगदी उलटी निघाली. 'हा माझा मार्ग एकला'मधला सचिन आणि 'छोटा जवान'मधला महेश कोठारे. एकाच वर्षीचे दोन बालकलाकार, आणि दोघेही पुढे दिग्दर्शक. मला यात योगायोग कमी दिसतो. लहानपणी 'इकडे बघ, आता रड' असं दुसऱ्याच्या हुकमावर केलेलं असलं की मोठेपणी माणूस हुकूम देणारी खुर्ची पकडतो. स्वतःची भूमिका स्वतःच लिहायची, म्हणजे कुणी अडकवायला नको.

आणि दोघेही जुन्या गोष्टीकडे परत गेले, तेही आपल्या मर्जीने. 'झपाटलेला' १९९३ चा, दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत. 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा, दुसरा २०२४ मध्ये.

उगाच एक
दोन्हींचा पहिला भागच भारी. बोला!

अनुस्वार
त्यावर वेगळा धागा काढ. मुद्दा तो नाही. 'झपाटलेला'त मला महत्त्वाचे वाटतात दिलीप प्रभावळकर. वीस वर्षांनी तोच तात्या विंचू, तोच आवाज. मधल्या काळात त्याच माणसाने 'लगे रहो मुन्नाभाई'त (२००६) गांधीजी केले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला! गांधीजी करून आलेला नट परत विंचवाच्या बाहुल्याला आवाज देतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही. अडकण्याची भीती कुणाला? ज्याच्याकडे एकच कपडा आहे त्याला.

लक्ष्याशिवायचा दुसरा भाग मात्र मला बघवला नाही, हेही सांगतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले. जुन्या भूमिकेकडे परत जाताना सगळी माणसं बरोबर येत नाहीत.

जुनी पानं
अनुस्वार, तुमच्यावरून एक आठवलं. कपाट उघडून बघितलं तर आत्मचरित्रांच्या पाठीच बोलायला लागल्या. सचिन पिळगांवकरांचं 'हाच माझा मार्ग'. नाव पहिल्या चित्रपटावरून. महेश कोठाऱ्यांचं 'डॅम इट आणि बरंच काही'. नाव स्वतःच्याच पडद्यावरच्या पालुपदावरून. शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात', 'माणूस'मधल्या (१९३९) त्यांच्या मैनेचं गाणं. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', पुण्याला विजयानंद टॉकीजात शंभराहून जास्त आठवडे चाललेला १९५९ चा तमाशापट.

म्हणजे आपली सगळी हकीकत सांगायला बसल्यावरही दारावर पाटी लावली ती सिनेमाचीच! हुबळीकरांच्या बाबतीत तर ते नाव वाचून चर्र होतं. उद्याची पर्वा नको म्हणणारी मैना, आणि उतारवयात वृद्धाश्रमातले दिवस. बाईंनी ते नाव चेष्टेने ठेवलं की चटका बसला म्हणून, मला अजून ठरवता येत नाही. हंसाबाईंच्या पुस्तकावरून पुढे 'भूमिका' (१९७७) निघाला. एका नटीचं आयुष्य दुसरी नटी जगली, स्मिता पाटील, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई तोवर गेलेल्या होत्या.

आणि ज्यांचा पहिला चित्रपट सगळ्यात लाजिरवाणा, त्यांच्या पुस्तकाचं नाव काय? 'मी, दुर्गा खोटे'.

अनुस्वार
काका!! हे मी या नजरेने कधी बघितलंच नव्हतं.

प्रा. खडू
वाचनखूण साठवली आहे.

मांडवी
गोव्यातून हजेरी. अमिताभचा पहिला सिनेमा आमच्या गोव्याचा, हे किती जणांना ठाऊक असा? 'सात हिंदुस्तानी', १९६९. पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्याची गोष्ट. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुद्दाम नटांची प्रांतांप्रमाणे अदलाबदल केलेली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, जलाल आगा झाला मराठी सखाराम शिंदे. अमिताभ त्यात बारकुडा, घाबरा, कविता करणारा अन्वर अली. नंतरचा 'अँग्री यंग मॅन' त्यात शोधून सापडायचा नाही. आमच्या बाबांना तो सिनेमा इतिहास म्हणून फार प्रिय, मला मात्र दर वेळी त्या पोराची काळजीच वाटते. पुढे काय होणार हे मला ठाऊक आहे आणि त्याला नाही, असं.

नाट्यवेडा सांगलीकर
तुम्ही सगळे सिनेमावाले. नाटकात ही भानगडच नाही. नाटकाचा नट स्वतःला कधी बघतच नाही! बालगंधर्वांनी ऐन तारुण्यातली भामिनी कधी बघितली? आरशात, तीही मेकअप होईपर्यंत. आज वाक्य पडलं तर उद्याच्या प्रयोगाला उचलता येतं. प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. इतक्या प्रयोगांत कुठला 'तो' प्रयोग? 'एका लग्नाची गोष्ट'नंतर वीसेक वर्षांनी त्यांनी आणि कविता लाड यांनी 'पुढची गोष्ट' केली तेव्हा प्रेक्षकही तेवढाच म्हातारा होऊन आला होता. सगळेच एकदम पिकले, त्यामुळे कुणाला काही खुपलं नाही. सिनेमात नट पिकतो, पडद्यावरचा पोरगा तसाच. खरं दुखणं ते आहे.

जुनी पानं
सांगलीकर, पडद्यावरचं तसंच राहतं हाही आपला समजच हं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झालेले अण्णा साळुंके, पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही तेच. त्यातलं किती उरलं? तुकडे. शांतारामबापू मूक 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) तरुण शेतकरी झाले होते. १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा काढला बाबूराव पेंटरांनी, पण तो मूकपट गेला तो गेलाच. जुनी फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. काहींनी तर चांदी काढायला फिल्मा विकल्या. जी जपून ठेवली त्यातलीही २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जळाली. कितीतरी नट असे गेले की त्यांना परत बघायची इच्छा झाली असती तरी बघायला काही नव्हतं.

त्या मानाने फाळक्यांची मंदाकिनी नशीबवान. 'कालिया मर्दन'मधला (१९१९) तिचा कृष्ण बराचसा शिल्लक आहे. सुरुवातीला ती पोरगी म्हणूनच समोर बसते, एकेक भाव दाखवते, आणि मग कृष्ण होते. शंभर वर्षं झाली, अजून ती आपल्याकडे बघून हसतेय.

टेक टू
मी इथे फक्त वाचायला असतो, पण या विषयावर लिहावं वाटलं. मुंबईत डबिंगमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. सिनेमाचा नट स्वतःला पहिल्यांदा बघतो ते थिएटरात नव्हे, डबिंगला. आणि एकदा नाही. पूर्वी फिल्मचे तुकडे जोडून लूप करायचे, तोच चेहरा, तेच वाक्य, फिरून फिरून समोर. आता संगणकावर होतं, पण त्रास तोच. काचेपलीकडे बसून मी नव्या पोरापोरींची तोंडं बघितली आहेत. पहिल्या अर्ध्या तासात कौतुक. दुसऱ्या अर्ध्या तासात 'माझी मान अशी का आहे?' संध्याकाळपर्यंत त्यांना तो सिनेमा नको झालेला असतो. चेहरा गोठलाय, तो बदलता येत नाही. फक्त आवाज बदलता येतो. म्हणून जीव तोडून आवाज लावतात. एका ज्येष्ठ नटाने मला सांगितलं होतं, माझे जुने सिनेमे टीव्हीवर लागले की मी पाठ फिरवून बसतो आणि नुसता ऐकतो. ऐकवतो, बघवत नाही.

पेठेतली पोर, एक विचारू? तुमच्या लेखातलं ते दूध माझ्या डोक्यातून जात नाहीये. गाणं चालू असताना आत्या जागच्या हलल्या नाहीत. वाक्य आलं तेव्हाच उठल्या. त्या वाक्याला आवाज त्यांचाच आहे का? त्या काळात छोट्या भूमिकांना सर्रास दुसऱ्याचा आवाज लावायचे. रागावू नका विचारलं म्हणून.

पेठेतली पोर
टेक टू दादा, रागावले नाही. पण तुमचा प्रतिसाद वाचून रात्रभर झोप लागली नाही. परत लावून ऐकलं. आमच्या घरात कुणी असं बोलत नाही. आत्या तर नाहीच नाही. कसं लक्षात आलं नाही आमच्या? बहुतेक आम्ही ऐकतच नव्हतो, 'आली आली' म्हणून ओरडत होतो. रविवारी जाते तिच्याकडे.

उगाच एक
आता रविवारपर्यंत धागा वर ठेवणं आपलं कर्तव्य. वर!

सॅन होजेची सुगरण
वर.

स्पष्टबोल्या
वर.

पेठेतली पोर
आले जाऊन.

सरळ विचारायचा धीर होईना. भाजी निवडता निवडता म्हटलं, आत्या, त्या पिच्चरमधला आवाज... तिने मान वर न करता विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

मग सगळं सांगितलं. वाक्य असं होतं: "ताईसाहेब, झोपाळा केव्हाचा थांबलाय, लक्ष कुठं आहे आपलं?" तिने सेटवर चार वेळा म्हटलं. सगळे छान छान म्हणाले. सरदाराच्या वाड्यातली सखी असं बोलणार नाही म्हणून नंतर दुसऱ्या बाईकडून म्हणवून घेतलं, हे तिला कुणी कळवलंच नाही. टॉकीजात लागला तेव्हा अख्खी गल्ली गेली होती. आजोबा शेजारी. वाक्य आलं, आजोबांनी वळून तिच्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. त्यांना स्टुडिओतलं सगळं माहीत, त्यांना आधीच ठाऊक असेल का? ती म्हणते, "मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई." बाहेर आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, आवाज तुझ्यागत वाटंना. आत्या म्हणाली, माईकमुळं तसं होतं.

तेव्हापासून माईकमुळं तसं होतं! लग्नात सासरच्यांना तेच सांगितलं, आम्हालाही लहानपणी तेच.

मी विचारलं, मग इतकी वर्षं राग आला नाही? तर म्हणे, राग कशाचा, झोपाळा हाय की त्यात. अण्णांनी आयुष्यभर वाडे केले, महाल केले, शूटिंग झालं की दुसऱ्या दिवशी मोडून टाकायचे. घरात त्यांच्या हातचं एक पाट सोडलं तर काही नाही. "त्यो झोपाळा तेवढा ऱ्हायला."

चुलतभाऊ आगाऊ. त्याने टीव्ही लावला, आवाज बंद केला, आणि म्हणाला, आत्या, म्हण आता. ती नको नको म्हणाली, पदर तोंडाला लावला, मग चष्मा मागितला. पहिल्यांदा घाईत आधीच म्हणून मोकळी झाली. दुसऱ्यांदा हसू आलं. मग बरोब्बर, तिच्या त्या सोळा वर्षांच्या ओठांवर: "ताईसाब, झोपाळा कवाच थांबलाय की, ध्यान कुठं हाय तुमचं?"

टेक टू
ओठ जुळले?

पेठेतली पोर
जुळले. तिसऱ्या टेकला. मग म्हणाली, "आता त्या बाईचा लाव. तिनंबी चांगलं म्हटलंय."